हळेकेरी: फक्त उतरण्यासाठी

१

सकाळची आठ चाळीसची पॅसेंजर धरून मी चौदा वर्षं धारवाडहून अळणावरला जाते आहे. तिथून दोन किलोमीटरवर आमची मराठी शाळा. मी मुख्याध्यापिका, भारती हुद्दार. सीता माझ्या हाताखालची शिक्षिका, पण ते कागदावर. गाडीत ती माझ्या शेजारी बसते, माझ्या डब्यातलं लोणचं संपवते, आणि मी कुणाशी भांडायला लागले की मागून माझा पदर ओढते. "सोड गं अक्का," एवढंच तिचं म्हणणं. मी सोडत नाही. बंद पंख्यासाठी मी अर्ज केलेत, कोरड्या नळासाठी केलेत, लेडीज डब्यात भाजीच्या पाट्या चढवणाऱ्यांविरुद्धही केलेत. वैताग हा माझा स्थायी भाव आहे असं घरचे म्हणतात. चौदा वर्षं पॅसेंजरने जाणाऱ्या बाईचा दुसरा कुठला असणार?

तर एक नोव्हेंबरला फलाटावरच्या फळ्यावर खडूने लिहिलेलं दिसलं:

"हळेकेरी हॉल्ट येथे ही गाडी एक मिनिट थांबेल. फक्त उतरण्यासाठी. येथून चढता येणार नाही. येथून पुढचे तिकीट मिळणार नाही. परतीची गाडी थांबणार नाही."

मी दोनदा वाचलं आणि तिकिटाच्या खिडकीवर गेले.

"उतरलेल्या माणसानं परत कसं यायचं?" मी विचारलं.

"बसनं येतील की मेडम," खिडकीतले गृहस्थ म्हणाले.

"हळेकेरीला बस जाते?"

"ते बसवाल्यांना विचारा री. आमच्याकडं फक्त उतरायचं आहे."

सीतेने पदर ओढला. गाडी लागली होती.

मुगदच्या पुढे सागाची झाडी सुरू होते, तिथे गाडी हळू झाली आणि थांबली. नवाकोरा सिमेंटचा फलाट. पिवळी पाटी. मागे कमरेएवढं लोखंडी कुंपण, या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग. आठ-दहा माणसं उतरली. मी खिडकीतून बघत होते, कारण मला वाटलं यातला एखादा तरी माझ्यासारखा वैतागेल आणि विचारेल की बाहेर जायची वाट कुठे आहे. कुणी विचारलं नाही. सगळे फलाटाच्या पुढच्या टोकाकडे तोंड करून एकामागे एक उभे राहिले. हातात तिकीट, जसं फाटकावर दाखवायला आपण आधीच काढून धरतो तसं.

पुढच्या टोकाला फाटक नव्हतं. कुणी माणूसही नव्हता.

"रांग कसली लावलीय यांनी?" मी म्हणाले.

"असेल काहीतरी," सीता म्हणाली. गाडी सुटली.

२

दहा-बारा दिवस हे मी रोज पाहिलं. रोज वेगळी माणसं. हळेकेरी म्हणजे रानातलं खेडं, तिथे उतरणारे शेतकरी, मजूर असायला हवेत. एके दिवशी गळ्यात बँकेचं ओळखपत्र अडकवलेला माणूस उतरला. एकदा एक बाई, हातात बेकरीचं चौकोनी खोकं, वरून केकची नक्षी दिसत होती. रानात केक घेऊन कोण जातं? मग मीच मनाची समजूत घातली. जातील. कुणाचा वाढदिवस रानातही असू शकतो. तू सगळ्यातच खोट काढतेस, भारती.

संध्याकाळी परतीच्या गाडीतून तो फलाट दिसायचा. तिथे कुणी नसायचं. नसणारच, सकाळची माणसं संध्याकाळपर्यंत कशाला थांबतील? तरीही मी रोज बघायची.

तेराव्या दिवशी सीतेचा मासिक पास संपला. शाळेतून परतताना तिने तो धारवाडला नवा काढला. मी रिक्षा बघायला पुढे गेले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी फलाटावर तिने पास माझ्यापुढे धरला.

"अक्का, हे बघ काय झालंय."

पासवर छापलं होतं: धारवाड ते हळेकेरी.

मी तो पास घेऊन तरातरा खिडकीवर गेले. गृहस्थ शांत होते. त्यांनी फायलीतून कालचा फॉर्म काढला आणि काचेखालून सरकवला. सीतेचं अक्षर मी झोपेतही ओळखेन. फळ्यावर ती 'ळ' काढते तसा गोल, शेपटी वळवलेला. फॉर्मवर त्याच अक्षरात 'हळेकेरी' लिहिलं होतं.

"मी अळणावर लिहिलं होतं," सीता म्हणाली. मग तिने फॉर्म जवळ घेऊन पाहिला. "अक्षर माझंच आहे गं. पण मी अळणावर लिहिलं होतं."

"दुपारी साहेब येतात, अर्ज दिला की बदलून देतील," ते म्हणाले. "आजच्यापुरतं साधं तिकीट काढा."

"हळेकेरी ते अळणावर द्या," मी म्हणाले.

"तिथून निघत नाही मेडम. तिथून चढायचं नाही ना. धारवाडपासून काढा."

सीता पर्समध्ये हात घालत होती. मी तो हात धरला. हे मी लपवणार नाही. "अजिबात काढायचं नाही," मी म्हणाले. "पास आहे आपल्याकडे. ह्यांच्या फलाटाच्या भानगडीसाठी आपण दोनदा तिकीट काढायचं? टीसी आला तर मी बोलते."

सीतेने पर्स बंद केली. ती माझं ऐकायची.

३

टीसी आला तो मुगद गेल्यावर. चौदा वर्षांत या गाडीचे सगळे टीसी मला तोंडपाठ आहेत. हा नवा होता. पन्नाशीचा, काळा कोट नीट इस्त्रीचा, आवाज मऊ. माझा पास पाहिला, परत दिला. सीतेचा पाहिला आणि हातातच ठेवला.

"तुमची हद्द हळेकेरीपर्यंत आहे," तो म्हणाला.

मी सुरू झाले. चूक तिची नाही, फॉर्म, साहेब दुपारी, शाळा नऊ-पन्नासला. त्याने सगळं ऐकून घेतलं. मधे एकदाही तोडलं नाही.

"बरोबर आहे मेडम," तो म्हणाला. "पण हद्द संपल्यावर मी काय करू? पुढचं तिकीट मला तिथून देता येत नाही."

"धारवाडपासूनचं द्या मग. दंड लावा."

"त्या धारवाडहून हळेकेरीला निघाल्यात. पासवर तसंच आहे. दंड कशाचा लावू?"

मला त्या माणसाचा संताप आला. आणि त्याच वेळी गाडी हळू होऊ लागली. सीता उठली. तिने डब्याची पिशवी खांद्याला लावली.

"कुठे निघालीस?"

"राहू दे अक्का. मी रस्त्यावर जाऊन टमटम पकडते. अर्ध्या तासात येते शाळेत. तू तिसरीचा वर्ग घे तोवर."

"बस खाली. उतरायचं नाही."

"सोड गं," ती हसून म्हणाली.

मी दारापर्यंत तिच्यामागे गेले. टीसीने पास तिला परत दिला होता आणि बाजूला उभा राहून तो तिला वाट देत होता, अगदी अदबीने. "इळीरी, सावकाश उतरा," तो म्हणाला. ती उतरली. मी पायरीवर उभी राहून सांगत होते की कुंपण ओलांडून सरळ रस्त्याकडे जा. तिने मान हलवली. मग तिने पर्समधून पास काढला, आणि ती रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिली.

४

अकरा वाजले तरी ती आली नाही. मी फोन लावला. पहिल्याच रिंगला तिने उचलला.

"कुठे आहेस तू?"

"इथंच, फलाटावर. तिकिटं बघतायत ना, म्हणून थांबलेय."

"कोण बघतंय?"

"अजून कुणी आलं नाही. रांग आहे."

"रांग सोड आणि बाहेर पड."

"पास दाखवल्याशिवाय सोडत नाहीत म्हणे."

"कोण म्हणे?"

"माझ्या पुढच्या बाई म्हणाल्या."

"त्यांना कुणी सांगितलं?"

पलीकडे ती कुणाला तरी काहीतरी विचारत असल्याचं ऐकू आलं. "त्यांच्या पुढच्यांनी," ती म्हणाली.

तिचा आवाज नेहमीचाच होता. घाबरलेली नव्हती, कंटाळलेलीही नव्हती. मी वर्ग सोडून दिले आणि रामूला हाक मारली. रामू शाळेच्या जेवणाचा तांदूळ-डाळ अळणावरहून आणतो, त्याच्याकडे मोटरसायकल आहे.

"हळेकेरी स्टेशनला सोड मला," मी म्हणाले.

"हळेकेरीत स्टेशन कधी झालं बाई?" तो म्हणाला. "माझी सासुरवाडी हाय तिथं."

"नवीन झालंय. रोज गाडी थांबते."

रामूने मोटरसायकल काढली. मोठ्या बाईंना उलट बोलायचं नाही असं त्याने ठरवलेलं आहे. कच्च्या रस्त्याने अर्धा तास लागला. गाव आलं, गेलं. भाताची कापणी चालू होती. पुढे झाडीत त्याने गाडी बंद केली आणि आम्ही चालत रुळांपाशी पोचलो.

फलाट नव्हता. पाटी नव्हती, कुंपण नव्हतं. रुळांच्या कडेला एक लांबट सपाट जागा होती, गुडघाभर गवत वाढलेली. मी पुढे-मागे बरंच चालले. जागा चुकली असणार असं म्हणत होते, पण समोरची सागाची झाडं मी तेरा दिवस बघत आले होते. एक वाकडं, वरून वीज पडून जळलेलं झाड होतं. ते तिथेच होतं.

मी पुन्हा फोन लावला.

"सीता, मी आलेय. रुळांपाशी उभी आहे. तू कुठे आहेस?"

"अगं इथंच. रांगेत."

"हाक मार मला. मोठ्यानं."

"अक्का, थांब जरा," ती म्हणाली. "गाडी आली."

फोनमधून ब्रेकचा करकर आवाज आला. दारं आपटली, पावलं वाजली. माझ्यासमोरचे रूळ मोकळे होते. त्यावरून एक भारद्वाज चालत चालला होता, सावकाश, तोल सांभाळत.

"कुठली गाडी? आत्ता कुठलीच गाडी नाही इथे."

"आपलीच की. दिसलीस मला. दारात उभी आहेस." मग तिचा आवाज पहिल्यांदा बदलला. "अक्का, तू उतरू नकोस हं."

फोन बंद झाला. नंतर लागला नाही.

"कुणाशी बोलत होता बाई?" रामूने विचारलं. त्याला पलीकडचं काहीच ऐकू आलं नव्हतं, आणि माझ्या फोनचा आवाज एवढा मोठा असतो की आख्ख्या वर्गाला ऐकू जातो.

५

सीतेचे यजमान यशवंतराव बांधकाम खात्यात आहेत. शांत माणूस. संध्याकाळी त्यांच्याबरोबर मी पोलिसांकडे गेले, तक्रार नोंदवली. तिथल्या फौजदारांनी सगळं नीट लिहून घेतलं. "हळेकेरी हॉल्ट" असं लिहिताना मात्र त्यांनी दोनदा वर पाहिलं. यशवंतरावांनी मला एकही प्रश्न विचारला नाही, तेच मला जास्त लागलं. पास चुकीचा होता हे त्यांना माहीत होतं. साधं तिकीट मी काढू दिलं नाही, हे मी त्या दिवशी सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खिडकीवरून धारवाड-अळणावर तिकीट घेतलं. सीतेसाठी. फळ्यावर ती सूचना तशीच होती.

मुगद सुटल्यावर मी दारात जाऊन उभी राहिले. झाडी आली. वाकडं जळकं झाड दिसलं आणि त्याच्यामागून फलाट आला, पाटी, कुंपण, सगळं. रांग लांबली होती. खोकं हातात घेतलेली बाई होती. बँकेतला माणूस होता. सगळे समोर बघत होते. आणि माझं दार बरोबर सीतेसमोर येऊन थांबलं.

तिच्या कानाला फोन होता. ती म्हणत होती, "दिसलीस मला. दारात उभी आहेस."

माझा फोन पर्समध्ये होता. बंद.

"अक्का, तू उतरू नकोस हं," ती फोनमध्ये म्हणाली. तेच शब्द, तोच आवाज.

आजूबाजूने माणसं उतरत होती, मला हलकेच बाजूला सारत. मी एका हाताने दांडी धरली आणि दुसरा हात तिच्याकडे केला. "चढ," मी म्हणाले.

"इथून चढता येत नाही," ती म्हणाली.

"चढ म्हणते ना."

"रांग मोडेल गं."

आयुष्यभर मी माणसांशी वाद घातला आहे. त्या दिवशी घातला नाही. तिने फोन खाली घेतला, हात थोडा पुढे केला, आणि मी तिचं मनगट पकडून ओढलं. गाडीला धक्का बसला. तिचं वजन माझ्या हाताला जाणवलं, मग एकदम नाहीसं झालं, मग पुन्हा आलं, आणि ती माझ्या अंगावर आदळली. आम्ही दोघी डब्याच्या दारात पडता पडता वाचलो. ती धापा टाकत होती. डब्याची पिशवी तिच्या खांद्याला होती.

मी मागे पाहिलं. का पाहिलं कोण जाणे. त्या माणसांची लाज वाटली असेल मला.

रांग मोडली नव्हती. सीतेच्या जागी सीता उभी होती. एक हात पुढे, आमच्या दिशेने, बोटं अर्धवट मिटलेली. मग झाडी आली.

६

तोच टीसी आला. मी धारवाडचं तिकीट पुढे केलं.

"हे यांचं," मी म्हणाले.

त्याने तिकिटाकडे पाहिलं, मग सीतेकडे, बराच वेळ. "हे धारवाडला चढलेल्यांचं आहे," तो म्हणाला.

"मग काय करणार तुम्ही?"

"काही करता येत नाही मेडम. हळेकेरीहून कुणी चढत नाही, त्यामुळं यांची नोंदच होत नाही." त्याने तिकीट माझ्या हातात ठेवलं आणि पुढच्या बाकाकडे गेला. जाताना तो सीतेच्या पायांवरून गेला, तिथे कुणी बसलेलं नाही अशा रीतीने. सीतेने पाय जवळ घेतले.

तिला वाटत होतं की ती दहा मिनिटं उभी होती. "तू आत्ताच तर फोन केलास," ती म्हणाली. शाळेत पोचल्यावर तिने डबा उघडला. आदल्या दिवशीची भाजी, अजून गरम. तिने नेहमीसारखी मला अर्धी वाढली. मी खाल्ली नाही.

यशवंतराव शाळेत आले तेव्हा ती तिसरीच्या वर्गात पाढे घेत होती. दारात उभे राहून ते रडले. फौजदारांनी तक्रार मागे घेतल्याचं लिहून घेतलं आणि बाईंना जपा म्हणाले. माझ्यावर कुणी रागावलं नाही. उलट सगळे म्हणाले, भारतीबाईंनीच शोधून आणलं.

७

महिना झाला. नोव्हेंबर संपेपर्यंत तो फलाट आला की मी खिडकीकडे पाठ करून बसायची. डिसेंबरपासून गाडी हळेकेरीला थांबत नाही. फळा पुसला आहे. मी खिडकीवर विचारलं तर ते गृहस्थ म्हणाले, "ते बंद झालं री," आणि पुढच्या माणसाकडे वळले. झाडीतून गाडी जोरात जाते आणि गवताशिवाय काही दिसत नाही. आता मला तिथे परत काही बघायचं असलं, तरी सोय नाही.

सीता बरी आहे. पाढे तेच, अक्षर तेच, लोणचंही ती खाते. एकच आहे. कुणी सांगितल्याशिवाय ती जागची हलत नाही. यशवंतराव मला परवा बाजूला घेऊन म्हणाले, "घरी आली की उंबऱ्यापाशी उभी राहते. आत ये म्हटलं की येते. जेव म्हटलं की जेवते. झोप म्हणायला मी विसरलो एकदा, तर सकाळी तशीच बसलेली." मग ते म्हणाले, "धक्का बसला असेल, नाही? ही बरी होईल ना?"

"होईल," मी म्हणाले. मी, जी कुणाचं काही खपवून घेत नाही.

आज सकाळी गाडीत, मुगद गेल्यावर, ती खिडकीबाहेर बघत होती. मी अजूनही तिकडे पाठ करून बसते.

"अक्का," ती म्हणाली, "त्या दिवशी तू मला ओढलंस ना, ते मला नीट आठवतं."

"मग?"

"तुझा हात सुटला."

मी तिच्याकडे वळून पाहिलं.

"सुटला," ती समजावल्यासारखं म्हणाली, मुलांना गणित सांगते तशी. "मी धरायला गेले, पण गाडी पुढे गेली. तू दारातून माझ्याकडे बघत होतीस. मला तुझं तोंड दिसत होतं. मग झाडं आली. एवढंच आठवतं. मग मी इथं कशी आले गं?"

"तू चुकतेस," मी म्हणाले. "हात सुटला नाही. तू माझ्याबरोबर चढलीस."

तिने माझ्याकडे पाहिलं. चौदा वर्षांत मी सांगितलेलं तिने कधी खोटं मानलं नव्हतं.

"बरं," ती म्हणाली.

अळणावर आलं. डबा रिकामा झाला. भाजीच्या पाट्या उतरल्या, कॉलेजच्या मुली उतरल्या. सीता पिशवी मांडीवर घेऊन बसून राहिली, माझ्याकडे बघत, मी सांगेन म्हणून. 'उतर', एवढा एकच शब्द म्हणायचा होता. महिनाभर मी तो रोज याच फलाटावर म्हणत आले होते, सहज, पर्स सावरता सावरता. आज तो माझ्या तोंडून निघेना. बाहेर शिट्टी झाली, आणि आम्ही दोघी तशाच बसून होतो.